बॉस फाइट बांधताना: आधी पवित्रा, मग डाव, चित्र सगळ्यात शेवटी

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची कॉलेजची मुलं स्वतः बनवलेले गेम मला खेळायला पाठवतात. धावणं, उडी, किल्ल्याच्या पायऱ्या, शत्रूंची फौज, सगळं बऱ्यापैकी जमलेलं असतं. शेवटी बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू, येतो आणि घडी विस्कटते. बॉसची हेल्थ (किती मार खाऊन मरणार तो आकडा) ५,०००, खेळाडू तीन फटक्यांत गारद, आणि मेला की लेव्हल पहिल्यापासून. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "दादा, बॉस अवघड पायजे ना."

अवघड पाहिजेच. पण हरलेला खेळाडू काय म्हणतो ते ऐका. "हात्तिच्या, उशीर झाला माझा" म्हणाला तर तो पुन्हा खेळेल. "हे कुठनं आलं?" म्हणाला तर दोन-तीन वेळा बघेल आणि गेम काढून टाकेल.

बहुतेकांची चूक क्रमात असते. आधी राक्षसाचं चित्र काढायचं, मग हेल्थचा आकडा टाकायचा, मग सुचतील तसे अटॅक चिकटवायचे. या सगळ्यात खेळाडूनं नेमकं काय करायचंय, हे ठरवायचं राहूनच जातं. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तो मोडू नका.

उदाहरणाला शेवटपर्यंत एकच बॉस घेतो. देवगिरी किल्ल्यावर मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलेलं आहे. त्यावरून आपला बॉस म्हणजे एक लोखंडी मेंढा. गेम २डी, फोनवर चालणारा, सेकंदाला ६० फ्रेमचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं.

शब्द कुस्तीतले वापरतो, कारण ते इथं चपखल बसतात. पवित्रा म्हणजे हल्ल्याआधीची दिसणारी तयारी. डाव म्हणजे प्रत्यक्ष हल्ला. उसंत म्हणजे डाव संपल्यावर बॉस मोकळा सापडतो तो वेळ. तोड म्हणजे त्या डावावर खेळाडूचं उत्तर.

## १. खेळाडूला आतापर्यंत काय शिकवलंय, ते लिहून काढा

वही घ्या. बॉसपर्यंत येताना खेळाडू कोणकोणती बटणं वापरायला शिकलाय, त्याची यादी करा. आपल्या गेममध्ये तीन गोष्टी आहेत: उडी, सरकणं आणि वार. मेंढ्याची परीक्षा या तीनच गोष्टींवर घ्यायची. बॉसच्या दारात नवं बटण द्यायचं नाही.

१९९८ च्या 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'मध्ये ही शिस्त बघायला मिळते. एखाद्या मंदिरात नवं हत्यार मिळतं, पुढच्या खोल्यांमध्ये त्याचा सराव होतो, आणि बहुतेक वेळा त्या मंदिराचा बॉस त्याच हत्यारानं वाकतो. उलट उदाहरण २०११ च्या 'डेयस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन'चं. लपूनछपून, कुलपं उघडून, संगणकात शिरून पुढं जाता येईल असा तो गेम. पण बॉस समोर आले की गोळीबाराशिवाय इलाज नव्हता. तास न् तास लपण्याचं कसब वाढवलेला खेळाडू तिथं रिकाम्या हातानं उभा राहिला. त्या फाइट बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतल्या होत्या, आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या बदलून दुसरे मार्ग द्यावे लागले.

तपासा: यादीतलं एखादं कसब बॉसच्या फाइटमध्ये कुठंच लागत नाही का? मग ते लेव्हलमध्ये शिकवलं कशाला? आणि बॉसला लागणारं एखादं कसब यादीतच नाही का? मग आधी लेव्हल दुरुस्त करा, बॉसला हात नंतर लावा.

## २. तीन डाव, तीन तोडी

पहिल्या बॉसला तीन डाव पुरतात. मुलं सात-आठ लिहितात आणि त्यातला एकही नीट घासत नाहीत. मेंढ्याचे डाव असे:

धडक: खूर घासतो, डोकं खाली घालतो, सरळ धावत येतो. तोड म्हणजे वरून उडी. मेंढा मागच्या भिंतीवर आपटतो आणि त्याला भोवळ येते.

शिंगउचल: खेळाडू जवळ आला की मान वळवून शिंगं वरच्या दिशेनं फेकतो. उडी मारणारा यात सापडतो, म्हणून तोड म्हणजे मागं सरकणं.

झेप: मागच्या पायांवर बसतो, वर उडतो, खाली आदळतो. त्याच्याखालून पुढं सरकून पलीकडं निघायचं.

धडकेला उडी, शिंगाला मागं, झेपेला पुढं. उत्तरं वेगळी आहेत, म्हणून खेळाडूला बॉसकडं बघावं लागतं. हाच खरा निकष. आगीचा गोळा, बर्फाचा गोळा आणि विजेचा गोळा, तिन्हींवर उडीच मारायची असेल तर तो एकच डाव आहे, फक्त रंग तीन आहेत.

सावधान: कुठल्याही डावावर तोडच नाही असं एकदाही होऊ देऊ नका. "थोडं डॅमेज बसणारच" असं म्हणून सोडलेला डाव खेळाडूला पहिल्याच दिवशी कळतो आणि तो चिडतो.

## ३. चौकोनांची फाइट

आता कॉम्प्युटर उघडा, पण चित्र आणू नका. मेंढा म्हणजे करडा आयत, खेळाडू म्हणजे निळा चौकोन. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही २डी काम ओढतो. युनिटी येत असेल तर तेही चालेल. बॉसच्या पाच अवस्था करा: उभा, पवित्रा, डाव, उसंत, भोवळ. एका वेळी एकच अवस्था चालू. सगळा कोड एकाच फंक्शनमध्ये 'जर-तर' लावून कोंबला, की मेंढा भोवळ आलेली असतानाही धडक देतो. असे मेंढे मी बरेच पाहिलेत.

मग वेळा टाका. फाइटचा जीव इथं आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. ही वेळ "दिवा लागला की बटण दाब" इतक्या सोप्या कामाची. तीन डावांतला कुठला येतोय हे ओळखून त्याचीच तोड निवडायची तर वेळ वाढतो. वर फोनच्या काचेवर बोट टेकल्यापासून गेममध्ये हालचाल होईपर्यंतचा उशीर आहे, आणि स्वस्त फोनवर तो जास्त असतो. म्हणून १५ फ्रेमचा पवित्रा कागदावर शक्य दिसला तरी हातात अशक्य असतो. मी या आकड्यांपासून सुरुवात करतो:

धडक: पवित्रा ४५ फ्रेम, डाव ४०, भोवळ ९०.
शिंगउचल: पवित्रा ३६, डाव १२, उसंत ४५.
झेप: पवित्रा ५०, हवेत ४०, उसंत ६०.
दोन डावांच्या मध्ये ४० फ्रेम नुसती चाल.

मोठ्या डावाला मोठा पवित्रा आणि मोठी उसंत, छोट्या डावाला छोटी, हे प्रमाण सांभाळा. धडकेवरून उडी मारणाऱ्यानं जोखीम घेतलेली असते, त्याला दीड सेकंदाची भोवळ बक्षीस मिळायला हवी.

पवित्रे एकमेकांपासून आकारानंच वेगळे दिसले पाहिजेत. धडकेत आयत खाली झुकतो, शिंगाला मागं कलतो, झेपेला दबून बसतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतात, आणि एप्रिलच्या उन्हात फोनवर कुणालाच रंग धड दिसत नाही. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये मोठ्या हल्ल्याआधी लाल रंगाचं एकच जपानी चिन्ह चमकतं. ते फक्त "सावध" म्हणतं. भोसकणार, पाय कापणार की पकडणार, हे शत्रूच्या अंगाच्या ठेवणीवरून ओळखायचं, आणि तिन्हींची तोड वेगळी. इशारा आणि ओळख यांची अशी विभागणी तुम्हालाही करता येईल.

अंगठ्याची गोष्ट तर विसरूच नका. गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचा गेम त्याच्या धाकट्या बहिणीला खेळायला दिला. ती सहा वेळा त्याच धडकेत मेली. तो शेजारी बसून कळवळत होता, "अगं, खूर घासतोय की तो, दिसंना का तुला?" मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. खूर स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात होते, आणि वाराचं बटणही तिथंच. तिच्या अंगठ्याखाली अख्खा पवित्रा झाकला जात होता. आम्ही खूर तसेच ठेवले, पण नाकपुड्यांतून वाफ सोडली आणि डोकं ठळक खाली झुकवलं. पुढच्या डावाला तिनं उडी मारली. फोनवरच्या गेममध्ये पवित्रा बॉसच्या वरच्या अर्ध्या अंगावर दाखवा.

डाव निवडताना नुसता रँडम लावू नका. रँडममध्ये सलग चार झेपा येऊ शकतात, आणि खेळाडूला वाटतं गेम बिघडलाय. तंबोल्याच्या पिशवीसारखं करा: तिन्ही डाव पिशवीत टाका, एकेक काढत जा, पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरा. अंदाज बांधता येतो, पण पाठांतर होत नाही.

तपासा, चौकोन असतानाच:
डावाचा मार लागणारा भाग चित्रापेक्षा किंचित लहान आहे ना? मोठा असेल तर "लागलंच नव्हतं" ही तक्रार येणारच. एकाच धडकेत खेळाडूला दोनदा मार बसत नाही ना? मार बसल्यावर त्याला साधारण ६० फ्रेम अभय द्या. दोघं एकाच फ्रेममध्ये मेले तर कोण जिंकतं? खेळाडूला जिंकू द्या.

## ४. आखाडा

हा टप्पा छोटा आहे. जमीन सपाट ठेवा, दोन्हीकडं भिंती, रुंदी मेंढ्याच्या लांबीच्या सहा-सात पट. कमी केली तर खेळाडू कोपऱ्यात चेंगरतो. जास्त केली तर तो पळत राहतो आणि फाइट रेंगाळते. दोघंही सदैव स्क्रीनवर दिसले पाहिजेत. स्क्रीनबाहेरून आलेली धडक म्हणजे पवित्रा नसलेली धडक.

देवगिरीची अंधारी सगळ्यांना मोहात पाडते. त्या वळणावळणाच्या काळोख्या वाटेत बॉस ठेवायचा म्हणजे काय दृश्य होईल! वाट लेव्हलमध्ये जरूर वापरा. फाइट मात्र उजेडात आणा, कारण दिसत नसेल तर पवित्रा फुकट. आणि खड्डे, काटे, पडणारे दगड असली भर बॉसच्या आखाड्यात घालू नका. २०११ च्या 'डार्क सोल्स'मधला 'बेड ऑफ केऑस' अजून बदनाम आहे. तिथं बॉसशी लढण्यापेक्षा खचणाऱ्या जमिनीत पडून मरणंच जास्त होतं.

## ५. आकडे

हेल्थचा आकडा मनानं टाकायचा नसतो, तो काढायचा असतो.

वरच्या वेळांची बेरीज करा. धडक १७५, शिंगउचल ९३, झेप १५०, शिवाय तीन वेळा ४० ची चाल. एकूण ५३८ फ्रेम. म्हणजे एका डावाला सरासरी १७९ फ्रेम, जवळजवळ ३ सेकंद. भोवळीत तीन वार बसतात, शिंगानंतर एक, झेपेनंतर दोन, म्हणजे सरासरी दोन. एका वाराचे १० धरले तर डावामागं २०.

पहिल्या बॉसची फाइट दीड मिनिटाची हवी. ९० सेकंदांत ३० डाव होतात. नवा खेळाडू त्यातल्या निम्म्या संधी साधेल असं धरा. १५ गुणिले २० म्हणजे ३००. मेंढ्याची हेल्थ ३००.

आता त्या ५,००० चं बघू. ५,००० भागिले २०, म्हणजे २५० डाव. प्रत्येकी ३ सेकंद, म्हणजे ७५० सेकंद. एकही संधी न चुकवता साडेबारा मिनिटं. त्यात नवं काही शिकायचं नाही, तेच तीन डाव २५० वेळा. याला अवघड म्हणत नाहीत, कंटाळवाणं म्हणतात.

ही सवय येते कुठून, याचा मला अंदाज आहे. आमच्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे, तो कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' १९९३ चा. ते मशीन नाण्यावर चालायचं. पडलात तर नाणं टाकून जागच्या जागी उठायचं आणि बॉसची राहिलेली हेल्थ कमी करत जायचं. तुमच्या गेममध्ये नाणं नाही, मेलेला खेळाडू सुरुवातीला जातो. मशीनचा बॉस घेतला आणि मशीनचं उठणं सोडून दिलं, तर हिशेब चुकणारच.

खेळाडूची हेल्थ १०० असेल तर शिंगाचा मार २०, झेपेचा २५, धडकेचा ३५. तीन-चार चुका पचल्या पाहिजेत. एका फटक्यात मरणारा खेळाडू दुसरा डाव बघायलाच उरत नाही, मग शिकणार कसा?

## ६. दुसरा टप्पा

माळेगावच्या जत्रेत कुस्ती बघितली असेल तर हे सांगायला नको. आधी खडाखडी चालते, दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, हलगी संथ असते. मग पकड बसते आणि हलगी चढते. पैलवान तेच असतात, डावही त्यांच्या अंगातलेच. बदलतो तो वेग आणि जोडणी.

हेल्थ निम्मी झाली की मेंढ्याचे जुने डाव जोडा: झेप आणि लगेच शिंगउचल, किंवा धडक, भिंत आणि उलटी धडक. पवित्रे पाच-सात फ्रेमनं आखूड करा, ३० च्या खाली नेऊ नका. नवा डाव घालायचाच असेल तर एकच.

२०१७ च्या 'हॉलो नाइट'मधले 'मॅन्टिस लॉर्ड्स' याचा उत्तम नमुना आहेत. आधी एकटीशी लढायचं. ती हरली की उरलेल्या दोघी एकदम उतरतात. डाव तेच, पण आता दोन ठिकाणी लक्ष ठेवायचं. पहिल्या टप्प्यात शिकलेलं काहीच वाया जात नाही, म्हणून ती फाइट लोक वर्षानुवर्षं आठवतात.

फसवा पवित्रा, म्हणजे हात उचलून मुद्दाम थांबणं, इथंच शोभतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मधला मार्गिट काठी वर उचलून धरतो आणि घाईनं लोळण घेणाऱ्याला नंतर फोडतो. तो गेम अनुभवी खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तुमच्या पहिल्या बॉसमध्ये खरा पवित्रा निदान पाच-सहा वेळा दाखवल्याशिवाय खोटा दाखवू नका.

सावधान: टप्पा बदलताना मेंढा डरकाळी फोडतो तेव्हा खेळाडूची बटणं बंद असतील, तर त्या वेळात त्याला मार बसता कामा नये. डरकाळी संपल्यावर निदान एक सेकंद मोकळा द्या.

## ७. हरल्यानंतरचे दहा सेकंद

मेल्यापासून पुन्हा मेंढ्यासमोर उभं राहीपर्यंत दहा सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठायची जागा, आखाड्याच्या दारात ठेवा. 'डार्क सोल्स'मध्ये बॉसपर्यंत परत चालत जाण्यावर लोक फार वैतागायचे. त्याच स्टुडिओनं 'एल्डन रिंग'मध्ये बऱ्याच बॉसच्या जवळ पुन्हा उठायची जागा दिली.

बॉसची ओळख करून देणारं दृश्य एकदाच दाखवा. दुसऱ्या वेळेपासून स्क्रीनवर टॅप केलं की ते गेलं पाहिजे.

हरलेल्याला काहीतरी हाती द्या. २०१७ चा 'कपहेड' हा गेम खेळाडू मेल्यावर एक रेष दाखवतो आणि त्यावर तुम्ही कुठवर पोचला होतात ते कळतं. जिंकायला बोटभर अंतर राहिलेलं दिसलं की माणूस फोन खाली ठेवत नाही. हे करायला अर्धा दिवस पुरतो, तरी बहुतेक जण करत नाहीत.

आणि मधेच फोन आला, बॅटरी संपली तर? गेम मागं गेला की आपोआप थांबला पाहिजे आणि दारातला चेकपॉइंट सेव्ह असला पाहिजे. गावाकडं लाईट गेली की चार्जिंगचे वांधे असतात. तुमचे निम्मे खेळाडू तिथंच आहेत.

## ८. पाच माणसं आणि गप्प बसणं

स्वतः खेळून अवघडपणा ठरवू नका. फ्रेम तुम्हीच टाकल्यात, तुमच्या हाताला त्या पाठ आहेत. गेम न पाहिलेली पाच माणसं गाठा. त्यात निदान दोघं फारसं न खेळणारी असू द्या.

फोन हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. "उडी मार, उडी मार" म्हटलंत की ती चाचणी वाया गेली. वहीत तीन रकाने करा: कितव्यांदा मेला, कुठल्या डावात मेला, मेल्यावर पहिला शब्द काय निघाला. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा.

"उशीर झाला", "उगाच जवळ गेलो": डाव बरोबर आहे, हात लावू नका.
"हे काय होतं?": पवित्रा दिसला नाही. आकार किंवा जागा बदला.
"दिसलं, पण हललंच नाही": पवित्रा आखूड, किंवा आधीच्या वाराचं ॲनिमेशन खेळाडूला अडकवून ठेवतंय.
"कधी मरणार हा?": हेल्थ कमी करा.
काहीच न बोलता फोन परत दिला: सातवा टप्पा पुन्हा वाचा.

पाचातले तिघं एकाच डावात अडकले तर फक्त तोच डाव सुधारा. एका वेळी एकच आकडा बदला. चार आकडे एकदम हलवले की कशानं फरक पडला ते कळत नाही, आणि पुन्हा तीच पाच माणसं नवखी म्हणून मिळत नाहीत.

बहुतेकांना तिसऱ्या ते आठव्या प्रयत्नात जिंकता आलं, तर पहिल्या बॉससाठी ते माप मला योग्य वाटतं.

## ९. आता चित्र, आता आवाज

चौकोनांची फाइट जमली की मेंढा काढा. करड्या आयताची प्रत्येक ठेवण चित्रात तशीच उतरली पाहिजे. लोकर, साखळ्या, धूर, ठिणग्या घालताना पवित्र्याची बाह्यरेषा बुजते, हा नेहमीचा घात. चित्र पूर्ण काळं करून बघा. नुसत्या सावलीवरून तिन्ही पवित्रे ओळखू आले तर पुढं जा.

प्रत्येक पवित्र्याला स्वतंत्र आवाज द्या: खुराचं घासणं, शिंगाची घंटा, झेपेआधीचा लोखंडी करकर आवाज. दुसऱ्या टप्प्यात हलगी चढवा. पण लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत लोक आवाज बंद करूनच खेळतात, म्हणून आवाजाशिवायही फाइट पूर्ण खेळता आली पाहिजे.

मग नवी पाच माणसं गाठा आणि आठवा टप्पा पुन्हा करा, या वेळी फोनचा आवाज बंद ठेवून.